सहा वॅटांत काय काय मावतं?

हौशी : पंधरा-वीस हजारांचा लॅपटॉप म्हटला की तुम्ही नाक मुरडता. पण गेल्या काही वर्षांत या कोपऱ्यात जे चाललंय, त्याची मजा वरच्या मजल्यावर नाही. २०२३च्या जानेवारीत इंटेलचा एन१०० आला. चार कोअर, कागदावर सहा वॅट. त्याआधी या वर्गात सेलेरॉन एन४०२० असायचा. त्यालाही सहाच वॅट, पण कोअर दोन, आणि तेही जुन्या घडणीचे. वीज तेवढीच, काम दुपटीहून कितीतरी जास्त. शेजारी एएमडीचा रायझन ३ ७३२०यू उभा आहे, पलीकडून मीडियाटेकच्या, फोनमध्ये असतात तशा एआरएम चिप्स येताहेत, ज्यांचं बहुतेक वेळा पंख्याशिवायच भागतं. महागड्या लॅपटॉपांत भांडण असतं कोण किती पळतो याचं. इथे भांडण आहे कोण किती थोडक्यात निभावतो याचं. चिप आखणाऱ्याचा कस लागतो तो इथे.

शंकासुर : लागत असेल, पण गिऱ्हाइकाला तो दिसतो कुठे? तुम्ही घेतलेल्या नावांपासूनच सुरुवात करू. ७३२०यू वाचून दुकानातल्या माणसाला वाटतं, सात हजारांची मालिका म्हणजे ताजा माल. आतले कोअर मात्र झेन २ घडणीचे. ती घडण बाजारात आली २०१९ साली. एएमडीने नावातल्या तिसऱ्या आकड्यात ते सांगून ठेवलंय खरं, पण तो आकडा वाचायला शिकवणारा विक्रेता मला अजून भेटायचाय. आणि तुमचे सहा वॅट हे काही मीटरवरचं रीडिंग नव्हे. किती उष्णता बाहेर काढायची सोय करायची, त्याचा तो आकडा. एन१०० थोड्या वेळापुरती त्याच्या काही पट वीज ओढू शकतो. किती ओढू द्यायची आणि किती वेळ, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून तोच प्रोसेसर एका यंत्रात टुणटुणीत असतो आणि दुसऱ्यात धापा टाकतो, खोक्यावर नाव मात्र एकच. मग स्पर्धा नक्की कोणाची? चिपवाल्यांची, की पाच रुपयांचा तांब्याचा पत्रा वाचवायचा की नाही हे ठरवणाऱ्यांची?

हौशी : दोघांचीही, आणि ती आजची नाही. २००७च्या ऑक्टोबरमध्ये असूसचा ई पीसी आला, सात इंची पडद्याचा. अशा यंत्रासाठी मुद्दाम घडवलेली चिप त्यात नव्हतीच. ९०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन एम घेतला आणि ६३०वर चालवला, झालं. तरी लोकांनी उचलला. पुढच्या वर्षी इंटेलने ॲटम आणला, तो मात्र मुळापासून नवा विचार होता. एन२७० : १.६ गिगाहर्ट्‌झ, अडीच वॅट. ही काटकसर कुठून आली ते पाहण्यासारखं आहे. १९९५च्या पेंटियम प्रोपासून इंटेलचे प्रमुख प्रोसेसर आदेशांचा क्रम स्वतः बदलून घेत. एका आदेशाला लागणारा आकडा मेमरीतून यायचा असेल, तर तोवर मागचे मोकळे आदेश उरकून टाकायचे. त्यासाठी चिपवर बरीच यंत्रणा लागते आणि ती सतत वीज खाते. ॲटमने ती सरळ काढून टाकली. मग रेशनच्या रांगेसारखी गत झाली : पुढच्याला कार्ड सापडेना, की मागचे सगळे ताटकळत. त्यावर तोड म्हणून त्याच खिडकीला दुसरी रांग लावली. पहिली अडली की दुसरीतल्याला धान्य. हायपरथ्रेडिंग म्हणतात ते हेच. जे टाकलं त्याची किंमत ओळखून टाकलं आणि जे ठेवलं ते पुरेपूर वापरलं. याला मी कंजुषी म्हणणार नाही.

शंकासुर : त्या काळातले बहुतेक प्रोग्राम एकाच रांगेत उभे राहणारे होते, त्यांना दुसऱ्या रांगेचा उपयोग शून्य. पण ते सोडा. माझा आक्षेप हिशेबाचा आहे. प्रोसेसर अडीच वॅटांवर आणला म्हणून टाळ्या घेतल्या, आणि त्याच्या सोबतीला बसवला ९४५ हा मेमरी आणि चित्राचा कारभार बघणारा आधीच्या पिढीचा चिपसेट, ज्याची भूक प्रोसेसरच्या दुपटीहून अधिक. टेबलावरच्या संगणकासाठी इंटेलने ॲटमचा जो छोटा मदरबोर्ड काढला, त्यात तर गंमतच होती. पंखा होता चिपसेटवर आणि प्रोसेसर नुसत्या ॲल्युमिनियमच्या पंखांवर थंड होत होता! लॅपटॉपमध्ये त्याशिवाय पडद्याचा दिवा, फिरती हार्ड डिस्क, वायफाय. बॅटरी किती तास चालेल हे ठरवण्यात प्रोसेसरचा वाटा इतका लहान, की त्यात आणखी अर्धा वॅट वाचवला तरी हाती काय लागतं? सगळ्यात कमी खाणाऱ्याच्या ताटातला घास मोजत बसायचं आणि बाकी पंगतीकडे बघायचं नाही.

हौशी : पण ती पंगत सुधारली कशामुळे? स्पर्धेमुळेच. २०१०च्या सुरुवातीला आलेल्या एन४५०मध्ये इंटेलने मेमरीचा कारभार आणि ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपवर घेतलं. पुढच्या जानेवारीत एएमडीचा बॉबकॅट आला. सी-५० नऊ वॅटांचा, ई-३५० अठरा वॅटांचा, दोन्हींत रेडिऑन ग्राफिक्स चिपवरच. आकडे एन२७०पेक्षा मोठे दिसतात, पण त्यात चित्राचं काम धरलेलं आहे, आणि आदेशांचा क्रम बदलण्याची यंत्रणा एएमडीने टाकली नाही. ज्या एचडी व्हिडिओवर ॲटम अडखळायचा, तो ई-३५०वर सुरळीत चालायचा. आणि व्हियाला विसरू नका. तैवानची ही कंपनी. तिची सी७-एम चिप एचपीच्या २१३३ मिनी-नोटमध्ये एन२७०च्याही आधी होती, आणि तिचा नॅनो २००८मध्येच आला, तोही क्रम बदलणारा. म्हणजे एकाच प्रश्नाची तीन उत्तरं तीन वर्षांत बाजारात होती. याहून निरोगी स्पर्धा कोणती?



शंकासुर : तीन उत्तरं म्हणता, पण ती लिहिली गेली एकाच गावात. ॲटम आखला इंटेलच्या ऑस्टिनच्या चमूने. व्हियाचा नॅनो आखणारी सेंटॉर ऑस्टिनची. बॉबकॅटही ऑस्टिनचाच. आणि एआरएमचा कॉर्टेक्स-ए८, जो घालून ‘स्मार्टबुक’ काढायच्या घोषणा त्याच काळात झाल्या, तोही टेक्सासातल्या त्याच शहरात घडला. एका शहरातली, एकमेकांना ओळखणारी, एकमेकांच्या कंपन्यांत ये-जा करणारी माणसं. त्यांच्या डोक्यांत फार मोठं अंतर असणं शक्यच नव्हतं. मग बाजारात एवढं अंतर का पडलं? इंटेलची यंत्रं दुकानं भरून आणि व्हियाची बोटावर मोजण्याइतकी, हे कसं? याचं उत्तर चिपवर सापडत नाही. एनव्हिडियाचं आयन आठवतं का? ॲटमला इंटेलच्या जुन्या चिपसेटऐवजी एनव्हिडियाची चांगली ग्राफिक्स चिप जोडायची, एवढीच साधी कल्पना. २००९मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांची जाहीर तक्रार होती की नुसता ॲटम घ्यायला गेलं तर पंचेचाळीस डॉलर आणि इंटेलच्या चिपसेटसकट अख्खा संच घेतला तर पंचवीस. इंटेलचं म्हणणं, आमचे भाव वाजवीच आहेत. कोण खरं ते बाजूला ठेवू. पण सुटी वस्तू अख्ख्या संचाहून महाग, असा आरोप ज्या धंद्यात होऊ शकतो, तिथे गुणांवर निवड होते असं मला सांगू नका.

आणि दुसरं कुलूप मायक्रोसॉफ्टचं. या छोट्या यंत्रांसाठी विंडोज स्वस्तात द्यायची, पण अट अशी की रॅम एक जीबीच्या वर नको, पडदा अमुक इंचांच्या वर नको. विंडोज ७ची स्टार्टर आवृत्ती तर अशी होती की डेस्कटॉपवरचं चित्र बदलता येत नव्हतं. चित्र बदलायला किती वॅट लागतात हो? तो मंदपणा, ती अडचण मुद्दाम ठेवलेली होती, महाग लॅपटॉपचं गिऱ्हाईक खाली घसरू नये म्हणून. तुमच्या तीनही चिप्स त्या एक जीबीच्या दावणीला बांधलेल्या. त्यातली कोणती किती चपळ, याला अर्थ काय उरला?

हौशी : चित्राचं तुम्ही बरोबर बोललात, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण मर्यादांमागचं अर्थकारण तुम्ही फार सहज झटकून टाकता. स्वस्त वस्तू स्वस्त राहते ती तिच्यात काहीतरी कमी असतं म्हणून. ती कमी कुठे ठेवायची हे कोणीतरी ठरवणारच. तसं ठरवायचं नाही म्हटलं, तर कंपनी ती वस्तू काढणारच नाही. २०१३ उजाडेपर्यंत असूसने ई पीसी बंदच केला, आणि आयपॅडने ती जागा घेतली. दुसरं असं, की मर्यादांची ही भिंत बाहेरून पडली. फोनमधल्या एआरएम चिप्सनी इंटेलला घाम फोडला म्हणून २०१३मध्ये ॲटमच्या घराण्यात क्रम बदलणारी घडण आली. २०१२मध्ये सॅमसंगचं एआरएमवरचं क्रोमबुक २४९ डॉलरना मिळू लागलं, तेव्हा विंडोजची अट आपोआप बिनकामाची झाली. आणि सगळ्यात गोड गोष्ट पुढची. त्या गरीब ॲटमच्या वंशातले कोअर आज इंटेलच्या महागड्या लॅपटॉपांत मोठ्या कोअरच्या जोडीला बसलेत. एन१००मध्ये फक्त तेच आहेत, एवढाच फरक. सहा वॅटांत भागवायला शिकलेली विद्या शेवटी वर गेली.

शंकासुर : वर गेली याचा मला आनंद आहे. खाली काय राहिलं ते विचारतोय. एक उदाहरण देतो, आपल्याकडचं आहे. २००७मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’वाल्यांनी रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाड्याच्या शाळेत आपली हिरवी-पांढरी एक्सओ यंत्रं दिली. आत एएमडीचा जिओड, ४३३ मेगाहर्ट्‌झ, २५६ एमबी रॅम. पुढची आवृत्ती निघाली त्यात व्हियाचा सी७-एम. त्याच्या पुढच्या आवृत्तीत मार्व्हेलची एआरएम चिप. बाहेरून खोकं जवळजवळ तेच, आतला प्रोसेसर तीन कंपन्यांचा. चिप्सची स्पर्धा याहून शुद्ध स्वरूपात कुठे मिळेल? आणि तरी त्या प्रकल्पावर जगभर जो वाद झाला, त्यात मुख्य मुद्दा प्रोसेसर नव्हता. वाद झाला शिक्षकाच्या तयारीचा, दुरुस्तीचा, चार्जिंगला वीज आहे का याचा.

हौशी : तुमचंच उदाहरण मी माझ्या बाजूने वापरतो. त्या यंत्रात सगळ्यात हुशार गोष्ट कोणती होती माहीत आहे? पडद्यासाठी एक वेगळी छोटी चिप. प्रोसेसर झोपवला तरी पडद्यावरचं पान तसंच दिसत राहायचं. मूल वाचतंय तोवर प्रोसेसर झोपलेला. कळ दाबली की जागा. पडदाही असा की मागचा दिवा बंद करून उन्हात वाचता यावा. मघाशी तुम्ही म्हणालात ना, बाकी पंगतीकडे कोणी बघत नाही? यांनी बघितलं. कमी विजेची चिप म्हणजे सतत कमी खाणारी, ही समजूत अर्धीच आहे; काम पटकन उरकून गाढ झोपणारी चिपही तेवढीच काटकसरी असते. आणि दोन वेळा प्रोसेसर बदलता आला, तो का? कारण वरचं सॉफ्टवेअर लिनक्सवरचं, खुलं. एआरएमसाठी ते पुन्हा बांधून घेतलं, परवानगी कोणाची मागायची नव्हती. मुलाला कळलंही नसेल आत काय बदललं ते. हवी तीच स्थिती ही. ज्याला चिपशी देणंघेणं नाही, त्याला चिपचं नाव कळूच नये.

शंकासुर : आता खऱ्या गाठीपाशी आलात. तुमचं ते खुलं सॉफ्टवेअर शाळेतल्या मुलासाठी ठीक. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, अहवाल, निवडणुकीची पत्रकं छापून देणारा डीटीपीवाला घ्या. त्याचं पोट श्रीलिपी, पेजमेकर आणि कोरलड्रॉवर. वीस वर्षांच्या फायली जुन्या फाँटांत. युनिकोडमध्ये उघडल्या तर अक्षरांची भेळ. यातलं बरंच विंडोजवर, इंटेल-एएमडीच्या आदेशांसाठी लिहिलेलं, आणि अशा अनेक सॉफ्टवेअरना मागे कुलूप म्हणून डोंगल खोचावी लागते. एआरएमवरचं विंडोज जुने प्रोग्राम अनुवाद करून चालवतं हे मला मान्य आहे, २०२४पासून बरंच चांगलं चालवतं. पण ड्रायव्हरचा, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामचा, अनुवाद होत नाही. डोंगलचा ड्रायव्हर एआरएमसाठी लिहिलेला नसेल तर तिथेच खेळ खलास. आणि वीस हजारांच्या आत एआरएम म्हणजे विंडोज नव्हेच. क्रोमबुक, नाहीतर जिओबुक. २०२३च्या जुलैत आलेलं जिओबुक बघा : मीडियाटेकची आठ कोअरची चिप, ४ जीबी रॅम, वजन ९९० ग्रॅम, तेव्हाची किंमत ₹१६,४९९. यंत्र म्हणून सुबक. पण त्यावर जिओओएस. आमच्या डीटीपीवाल्याला ती सुबक चिप काय कामाची? त्याच्यासाठी बाजारात स्पर्धा नाहीच. दोन कंपन्या आहेत, कारण त्या आदेशांचा परवाना व्यवहारात त्यांच्याकडेच उरलाय. व्हिया केव्हाच मागे पडली.

हौशी : ओझं आहे, कबूल. पण ओझं चिपचं की फाँटचं? त्या फायली युनिकोडमध्ये आणल्या, तर तो माणूस कुठल्याही चिपवर मोकळा. तुम्ही त्याला इंटेलशी बांधून ठेवण्याचं कारण शोधताय आणि त्याला निवड नाही म्हणून हळहळताय. त्याची मुलगी अकरावीत आहे म्हणा. तिला ना पेजमेकर लागतं, ना डोंगल. ब्राउझर, पीडीएफ, यूट्यूब, थोडं पायथन. तिला वजनाने हलकं, दिवसभर चालणारं, न तापणारं यंत्र हवंय.

शंकासुर : आणि तेच यंत्र संध्याकाळी बापाच्या दुकानात लागतं. कारण घरात दोन लॅपटॉप घेण्याची ऐपत असती, तर आपण हा वाद घातलाच नसता. महाग यंत्र एका माणसाचं असतं, स्वस्त यंत्र घराचं असतं. त्याच्यावर वीस वर्षांपूर्वीचंही चालावं लागतं आणि पुढच्या पाच वर्षांतलंही. तुमच्या सहा वॅटांच्या स्पर्धेत हा निकष कुठे आहे?

हौशी : निकष आहे, मोजमाप नाही. हे मी मान्य करतो. खरं तर पुढची वर्षं हा मागच्या वर्षांपेक्षा मोठा प्रश्न आहे. एन१०० सोळा जीबी रॅम पेलतो, पण या किमतीच्या कितीतरी यंत्रांत तो चार जीबीबरोबर मिळतो, आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली. चांगल्या चिपच्या पायात बेडी. तिथे मी तुमच्या बाजूला आहे.

शंकासुर : मग आणखी थोडे सरका. क्लोव्हर ट्रेल आठवा. विंडोज ८च्या काळातले ॲटम. ग्राफिक्स इंटेलने स्वतःचं न घालता पॉवरव्हीआरचं घेतलं होतं. २०१७मध्ये विंडोज १०ची नवी आवृत्ती आली तेव्हा नवे ड्रायव्हर कोणी लिहिले नाहीत, आणि ती यंत्रं मागच्याच आवृत्तीवर थांबली. मायक्रोसॉफ्टने सुरक्षेची डागडुजी २०२३च्या जानेवारीपर्यंत चालू ठेवली, एवढंच. चिप मेली नव्हती. बॅटरी चांगली होती. वॅट कमीच लागत होते. यंत्र संपलं ते दोन कंपन्यांच्या मधल्या फटीत पडून. आणि क्रम न बदलणारे जुने ॲटम, ज्यांना आपण मघापासून मंद म्हणतोय, ते २०१८च्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींच्या गोंधळातून सुटले, कारण पुढचं अंदाजाने करून ठेवण्याची खोड त्यांना नव्हतीच. पण तोवर ते वापरतंय कोण? म्हणून म्हणतो, खोक्यावर वॅट, कोअर, गिगाहर्ट्‌झ छापता, तिथेच वर्षं छापा. हे यंत्र अमुक सालापर्यंत चालतं ठेवू. मग बघू कोणाची चिप जिंकते.

हौशी : क्रोमबुकच्या बाबतीत गूगलने ते केलंय. २०२३मध्ये दहा वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं, आणि ते इंटेल असो की मीडियाटेक, दोन्हींना लागू. पण ते जमलं कशामुळे, बघा. तिथे सॉफ्टवेअर एकाच्या मुठीत आहे. चिपवाल्यांना तो सांगू शकतो, ड्रायव्हर द्या नाहीतर यादीतून बाहेर. म्हणजे तुम्हाला हवी ती वर्षं मिळतात, पण मालक एकच राहतो. विंडोजवर जुनं सगळं चालतं, डोंगलसकट, पण तिथे प्रोसेसर एकाचा, ड्रायव्हर दुसऱ्याचा, यंत्र सुरू करून देणारा बायॉस तिसऱ्याचा, आणि विंडोज ११ चालवायला कोणते प्रोसेसर लायक हे चौथा ठरवतो. तुम्ही म्हणता वर्षं छापा. छापू. खाली सही कोणाची घ्यायची, तेवढं सांगा.

शंकासुर : ज्याचं नाव झाकणावर मोठ्या अक्षरात आहे त्याची.

हौशी : त्याच्या हातात त्या चारांपैकी एकच गोष्ट असते, ती म्हणजे बायॉस.

शंकासुर : आणि सोल्डर केलेली चार जीबी रॅम. तीही त्याच्याच हातात होती.